दोन हिसके, मग थांबा

टेपरेकॉर्डरमधून गिटारऐवजी एका तान्ह्या पोरीचं "बा… बाब्बा… काऊ" यायला लागलं तेव्हा गीतांजली खो-खो हसली, आणि वैजयंतीने डबीवरचं नाव पुन्हा वाचून पाहिलं.

"अय्या, ही तुमची जाई ना? वहिनी, कॅसेट चुकली वाटतं."

"चुकली गं," वैजयंती म्हणाली आणि तिने घाईघाईने बटण दाबलं.

पण कॅसेट चुकली नव्हती. कपाटाच्या वरच्या खणातून तिनेच ती काढली होती. डबीवर तिच्या नवऱ्याच्या, अरविंदच्या, तरुणपणच्या तिरप्या अक्षरात 'ओहोटी' असं लिहिलेलं होतं.

गीतांजली समोरच्या बिल्डिंगमधली. वाशीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि गिटार वाजवायची. कोपरखैरण्यात पाठीला गिटार लावून फिरणारी मुलगी ती एकटीच, त्यामुळे भाजीवालेसुद्धा तिला ओळखत. काल जिन्यात ती 'ओहोटी' गुणगुणत होती. वैजयंतीला राहवलं नाही आणि ती बोलून गेली, "अगं, हे तर आमच्या ह्यांचं गाणं!"

गीतांजलीचा आधी विश्वासच बसेना. "आपले अरविंददादा? पत्र्याच्या कारखान्यातले? वहिनी, ओहोटी म्हणजे काय ते माहितीये का तुम्हाला? कुठल्याही फेस्टला जा, हार्ड रॉक म्हटलं की सगळी इंग्रजी गाणी, आणि शेवटी लाइट घालवून हे एक मराठी. आमच्या सिनियर्सनी वाजवलं, त्यांच्या सिनियर्सनी वाजवलं. कोणी केलंय विचारलं तर म्हणतात, उरणकडची कोणीतरी पोरं होती. आणि ती पोरं इथे, दुधाच्या लायनीत माझ्या पुढे?"

आता पुढच्या शनिवारी तिच्या ग्रुपला ते वाजवायचं होतं. मधला तुकडा प्रत्येक जण आपापल्या परीने वाजवतो, मूळचा कसा आहे ते एकदा ऐकायचंय, म्हणून ती आली होती.

"सापडली की देते हं," म्हणून वैजयंतीने तिला वाटेला लावलं आणि दार लोटून तिथेच खाली बसली.

तिला आठवलं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी जाईला बोलणं फुटलं होतं. झोळीत उभी राहून पोरगी एकामागून एक शब्द काढत होती. वैजयंतीने धावत जाऊन मशीनचं लाल बटण दाबलं होतं. आत कुठली कॅसेट आहे ते तिने पाहिलंच नव्हतं. तीच कॅसेट नंतर अरविंदने काढून त्याच्या डबीत ठेवली असणार. बिचाऱ्याला काय ठाऊक, आत आता गाणं उरलेलं नाही!

एरवी तिने ते हसण्यावारी नेलं असतं, पण अरविंदचे कान चालले होते. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपुढे उभं राहून त्याचा डावा कान गेला होता. कंपनीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, उजवा जपा, तोही फार दिवस साथ देईलसं वाटत नाही. तेव्हापासून वैजयंतीच्या मनात होतं, एकदा दार-खिडक्या लावून, आवाज मोठा करून, त्याचं गाणं त्याला ऐकवायचं. आज करू, उद्या करू, पोरीचं दुखणं जाऊ दे, पाहुणे जाऊ देत… आणि ऐकवायचं तेच तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

पहिली पाळी संपवून चारच्या सुमारास अरविंद आला. चहा घेऊन तो जाईला निजवायला बसला. त्याची थोपटण्याची तऱ्हा निराळी होती. दोन झटपट थापा, मग हात हवेतच थांबायचा, आणि मग पाठीवरून खालपर्यंत सरकत जाणारा एक लांब तळहात. वैजयंतीने तशी थोपटली तर जाई डोळे उघडून बघायची. आईला ते जमत नाही, हे पोरीलाही कळलं होतं.

"ती गिटारवाली आली होती म्हणे?" अरविंदने विचारलं.

"हो."

"काय?"

ती उठून त्याच्या उजव्या बाजूला गेली. "हो म्हटलं. तुमचं गाणं वाजवणारेत ते."

"अजून वाजवतात होय?" तो हसला. "पोरांना दुसरं काही सुचत नाही वाटतं."

तो कॅसेटबद्दल काही विचारेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने विचारलं नाही. तिलाही सांगण्याचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने जाईला कडेवर घेतलं, कॅसेट पर्समध्ये टाकली आणि वाशीहून उरणची एसटी धरली. गाण्याची दुसरी प्रत असलीच तर ती एकाच माणसाकडे असणार होती. रज्जाक. उरणजवळ मोरा बंदरावर तो आणि अरविंद एका आळीत वाढले होते. अरविंदचे वडील धक्क्यावरच्या कचेरीत कारकून, रज्जाकच्या घरची होडी. अरविंद गिटारवर, रज्जाक ड्रमवर. आता रज्जाक होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.

"आवो वयनी! आनि ही टवळी कोन? अरव्याचाच नाक हाय!" ग्रीसचे हात पुसत रज्जाक दुकानातून बाहेर आला. "नूरी, च्या टाक! पाव्हनी आलीय," त्याने आत बायकोला हाक दिली.

वैजयंतीने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

रज्जाकने मान हलवली. "दुसरी नाय वयनी. दादरला एका खोलीत रेकाड केलं, पैशे होते तवढ्यात दोन कॅसेटी निघाल्या. माझी कवाच गेली. कालेजातली पोरा मागून नेत, तिच्यावरनं ऐकून ऐकून वाजवायला शिकत. फिरता फिरता फीत तुटली न् गेली."

"मग मूळ गाणं आता कुठेच नाही?"

"मूळ?" रज्जाकला हसू आलं. "मूळ बघायचा हाय? या."

दुकानामागे उतारावर दुरुस्तीसाठी एक होडी वर घेत होते. दोन्ही बाजूंना माणसं दोराला लागली होती. होडीखाली लाकडी ओंडके आडवे टाकले होते आणि त्यांच्यावरून ती वर सरकत होती. एक जण हाळी द्यायचा. दोन झटके. मग सगळे थांबायचे, कारण मागे मोकळा झालेला ओंडका उचलून कोणीतरी धावत पुढे आणून टाकायचा. तो पडला की एक लांब ओढ. होडी कण्हत वर चढायची.

"हाच," रज्जाक म्हणाला. "अरव्या त्या दगडावर बसून शाळेचा अभ्यास करायचा न् ह्यांच्याकडं बघायचा. एक दिस गिटारवर तसाच वाजवला. दोन हिसके, मग थांबा, मग ओढ. मी म्हटला, अरे हा तर आपल्या होडीचा! तर म्हनतो, मग कोनाचा असनार?"

वैजयंती बघत राहिली. दोन. थांबा. लांब. जाईची पाठ तिला जवळजवळ डोळ्यांसमोर दिसली.

"सगली पोरा इथंच चुकतात," रज्जाक म्हणाला. "घाई करतात. त्यांना वाटतं मधी काय नाय, भरून टाका. अरे, मधी ओंडका हाय! तो नाय आला तर होडी चढंल कशी?"

एवढ्यात दोरावरचे लोक हाळी सोडून चक्क गायला लागले, "पानी गेलं, होडी रायली, वढ रं…" हे शब्द अरविंदचे होते. जाळ्याजवळ बसलेल्या एका म्हातारीला वैजयंतीने विचारलं, "आजी, हे गाणं कोणाचं?"

"कोनाचा म्हंजे?" म्हातारी तिच्यावरच खेकसली. "आमच्या वाडवडलांचा हाय! हळदीला बॅन्डवाले वाजवतात, तवा आमच्या पोरी नाचून नाचून मरतात. तू कुठली गो, येवढा म्हाईत नाय?"

रज्जाक तोंडावर फडकं धरून हसला. "ऐकलात? अरव्याला सांगा, तुजा बारसा झाला नव्हता तवाचा हाय तुजा गाना."

वैजयंतीलाही हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर डोळेही भरून आले. चहा पिताना तिने कॅसेट रज्जाकच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट केली, आणि तो थांबला.

"वयनी, हिच्यावर तुमी भरलात कसा?"

"म्हणजे? लाल बटण दाबलं."

"दाबलाच नसता गेला. पाठीमागं हे दोन दात असतात ना, ते तोडले का त्याच्यावर पुना रेकाड होत नाय. हे दात मी तोडलेत, माझ्या पकडीनं. चुकून पुसू नये म्हनून." त्याने कॅसेटची कड तिच्यासमोर धरली. तुटक्या खाचांवर सेलोटेपचे दोन चौकोनी तुकडे बसवले होते, अगदी काठाला काठ लावून. "हे कोनी लावला?"

तिने लावले नव्हते. आणि आता तिला आठवलं, त्या संध्याकाळी झोळीजवळून तिने ओरडून विचारलं होतं, "अहो, कोरी कॅसेट आहे का?" आणि आतून उत्तर आलं होतं, "मशीनमध्ये आहे, दाब तू."

एसटीत जाई मांडीवर झोपून गेली. वैजयंती वाशीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती, आणि तिला काहीच दिसत नव्हतं.

अरविंद तिच्या आधी घरी पोचला होता. तिने कॅसेट त्याच्यापुढे स्टुलावर ठेवली, सेलोटेपची कड वर करून.

त्याने ती पाहिली. "मोऱ्याला गेली होतीस?"

"तुम्हाला माहीत होतं."

"हं."

"नवीन कॅसेट मिळत नव्हती बाजारात?" तिचा आवाज चढला, आणि मग तो त्याला ऐकू जावा म्हणून आणखी चढवावा लागला. "एवढी एकच होती ना!"

"नवीन आणायला निघालोच होतो, हिचा आवाज भरून ठेवायला." तो कॅसेटशी चाळा करत राहिला. "त्याच दिवशी तपासणी झाली होती. चप्पल घातली, आणि ही बोलायला लागली. तसाच आत गेलो आणि ह्या कॅसेटला टेप चिकटवली. मला वाटलं, मी परत येईपर्यंत थांबली तर? किंवा उद्या उठलो आणि कान नसलेच तर?" तो ओशाळून हसला. "येड्यासारखं वाटतं आता. पण तेव्हा वाटलं खरं."

"आणि गाणं?"

"गाणं मी केलंय, वैजू. ते आत वाजतंच. कान बंद झाले तरी वाजेल. हिचं 'काऊ' मला कुठून पाठ असणार?"

वैजयंतीने कॅसेट त्याच्या हातातून घेऊन डबीत ठेवली. तिने स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पाणी लावलं, उगाच दोन भांडी विसळली. परत आली तेव्हा जाई पुन्हा किरकिरत होती आणि अरविंदने तिला गॅलरीजवळच्या चटईवर घेतलं होतं.

समोरच्या बिल्डिंगमधून गिटार सुरू झाली. गीतांजली. दोन हिसके, आणि लगेच पुढची ओढ. पुन्हा दोन, पुन्हा घाई. वैजयंती गॅलरीत गेली. उन्हं कलली होती, तारेवर कपडे वाळत होते.

"गीतांजली! अगं ए गीतांजली!"

खिडकीत डोकं आलं. "सापडली का कॅसेट?"

"कॅसेट नाही. पण मधे थांब! घाई करतेस तू. दोन झाल्यावर थांबायचं असतं, ओंडका पुढे यायचा असतो!"

"काय यायचा असतो?"

"ओंडका! उद्या ये, हे सांगतील. आत्ता फक्त बघ." वैजयंतीने गॅलरीच्या कठड्यावर तळहाताने वाजवून दाखवलं. दोन थापा. हात हवेत. तिला वाटलं होतं आपल्याला जमणार नाही. मग एक लांब.

डोकं आत गेलं. मग दोन हिसके आले, आणि त्यांच्यामागून एक मोकळी जागा, तिच्यात कोणीतरी धावत जाऊन काहीतरी टाकावं एवढी. आणि मग ती ओढ, लांब आणि भारी.

वैजयंतीने मागे वळून पाहिलं. अरविंद उजव्या कुशीवर होता, चांगला कान उशीत दबलेला. त्याला काही ऐकू येत नव्हतं. जाईचा डोळा लागत होता. त्याचा हात तिच्या पाठीवर दोनदा पडला, हवेत थांबला, आणि समोरून गिटार आली त्याच वेळी हळूच खाली सरकत गेला.