कडी लावून पुन्हा बघणारी

मित्रांनो, मी जुनी आहे आणि एवढीशी आहे. संगणकाला द्यायच्या आज्ञांची मी एक लहानशी जुडी. शिकलेली माणसे मला फंक्शन म्हणतात. मला रंग नाही, वास नाही. पडद्यावर आले तर तुमच्या तळहाताखाली सहज झाकली जाईन. तरीही माझे आयुष्य चांगले गेले, अजून जात आहे, आणि मधल्या काळात माझ्यावर जे गुदरले ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला. तिथे एका पत्रे कापणाऱ्या वर्कशॉपच्या वर एक छोटी कंपनी आहे. खालचे मशीन सुरू झाले की वरच्या टेबलांवरचे चहाचे कप थरथरतात. या कंपनीत हाताएवढ्या पेट्या तयार होतात. दवाखाना, शाळा, पतसंस्था यांना त्या इंटरनेटशी जोडून देतात. प्रत्येक पेटीत एक संगणक असतो, आणि त्याच्या कारभाराचा जो सर्वांत आतला भाग असतो त्याला कर्नल म्हणतात. मी तिथे राहते.

माझे काम समजण्यासाठी कालिकेच्या यात्रेतला आकाशपाळणा आठवा. पाळणे गोल फिरतात. खाली एकजण माणसे बसवतो, दुसरा उतरवतो. पेटीत असेच एक चक्र असते, त्याला रिंग म्हणतात. तुम्ही पाठवलेला फोटो किंवा निरोप तुकड्यातुकड्यांनी रिंगेच्या घरांत बसतो, तिथून तारेवर जातो, आणि घर रिकामे होते. तुकडे बसवणाऱ्याला आपण भरणारा म्हणू आणि घरे मोकळी करणाऱ्याला उतरवणारा.

रिंग भरली की भरणारा फाटकाला कडी लावतो आणि झोपतो. उतरवणारा घरे मोकळी करतो, फाटकाकडे बघतो, कडी लागलेली दिसली तर काढतो आणि भरणाऱ्याला उठवतो. किती सोपे! पण हे दोघे एकाच वेळी काम करतात, एकमेकांना हाक न मारता. घोटाळा तिथेच होतो.

समजा, भरणाऱ्याने पाहिले, रिंग भरली आहे. तो कडीकडे वळला. नेमक्या त्याच क्षणी उतरवणाऱ्याने सगळी घरे मोकळी केली, फाटकाकडे पाहिले. फाटक अजून उघडेच! मग उठवायचे कोणाला? मोकळे करायला काही उरले नाही, म्हणून तो झोपला. आता भरणाऱ्याने कडी लावली आणि निजला. झाले. आत सगळे चक्र रिकामे, बाहेर रांग उभी, आणि दोघेही वाट बघत गाढ झोपलेले. कोणीच कोणाला उठवणार नाही.

याला उपाय एकच. कडी लावायची, ती पक्की लागू द्यायची, आणि मग रिंगेकडे पुन्हा एकदा बघायचे. जागा झाली असेल तर आपणच कडी काढायची. मित्रांनो, ते पुन्हा बघणे म्हणजे मी.

मला घडवले श्यामलाताईंनी. त्या कंपनीतल्या सर्वांत जुन्या इंजिनिअर. घराला कुलूप लावले की दोनदा ओढून बघायचे, जिना उतरून परत वर यायचे आणि तिसऱ्यांदा ओढायचे, अशा स्वभावाच्या. पेटीत जे निरनिराळ्या बनावटीचे, तारेशी जोडणारे नेटवर्क कार्ड बसते, त्या प्रत्येकासाठी कोणीतरी वेगळा कोड लिहिलेला होता. कडी लावण्याचा भाग मात्र सगळ्यांनी एकमेकांचा बघून उतरवला होता. उतरवताना कोणी एक ओळ गाळली, कोणी दोन ओळींची अदलाबदल केली. देवव्रत हा त्यांचा सहकारी. त्याच्या कोडमध्ये तर कडीनंतरचे बघणे नव्हतेच.

"देवा, हे तू कुठून घेतलंस?" ताईंनी विचारले.

"तुमच्याच मागच्या कार्डवरून."

"आणि माझी ओळ कुठे गेली?"

"प्रवासात पडली असेल," देवव्रत म्हणाला आणि स्वतःच हसला.

ताई हसल्या नाहीत. "एकच गोष्ट सगळ्यांनी आपापल्या घरी लिहिली की प्रत्येक घरी विसरता येते. ती एकदाच लिहू. ज्याला लागेल त्याने हाक मारावी."

अशी मी जन्मले. माझे खरे नाव इंग्रजी, लांबलचक आणि मधे आडव्या रेघा असलेले आहे. पण सगळे मला 'थांब-बघ' म्हणू लागले, आणि मला तेच आवडते.

मला लिहायला ताईंना एक सकाळ लागली. माझ्या डोक्यावर जे टिपण लिहायचे, त्यात मात्र त्यांनी आठवडा घालवला. मला हाक कशी मारायची, जागा किती उरली की कडी लावायची, आणि कडीनंतर मी पुन्हा का बघते. सगळे त्यांनी सविस्तर लिहिले. देवव्रतने ते वाचले.

"ताई, हे टिपण आहे की दिवाळी अंक?"

"जाहिराती नाहीत त्यात."

"अहो, कोड दहा ओळींचा आणि टिपण दोन पानं! लोक हसतील. 'का' कशाला लिहायचं? कळतंच की ते."

ताई पडद्याकडे वळल्या. मग एकेक परिच्छेद खोडत गेल्या. शेवटी माझ्या डोक्यावर एवढेच उरले: 'जागा कमी असल्यास फाटक बंद करते, मग जागा पुन्हा तपासते.' वाचायला सुटसुटीत, आणि खोटे तर मुळीच नाही.

त्यानंतरची वर्षे सुखाची गेली. नवे कार्ड आले की त्याचा कोड लिहिणारा मला एका ओळीत हाक मारी आणि पुढच्या कामाला लागे. देवळाली कॅम्पातल्या शाळेत, विंचूरच्या कांद्याच्या आडतीत, सटाण्याच्या पतसंस्थेत, जिथे जिथे आमची पेटी गेली तिथे तिथे मी गेले. माझे कौतुक म्हणाल तर एकच, माझे नाव कोणी घेत नसे. माझ्यासारखीचे नाव निघते ते बिघडल्यावर.

पुढे श्यामलाताई निवृत्त झाल्या. देवव्रत विभागाचा प्रमुख झाला. सई नावाची नवी इंजिनिअर आली, हुशार आणि नीटनेटकी. तिच्याकडे काम होते पेटीचा वेग वाढवण्याचे. ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"सर, ही थांब-बघ आत्ताच बघते की जागा नाही. कडी लावते. आणि लगेच परत बघते! पापणी लवायच्या आत काय बदलणार आहे?"

देवव्रतचे लक्ष दुसऱ्या कामात होते. "टिपणात काय लिहिलंय?"

"पुन्हा तपासते, एवढंच. का ते नाही."

"टेस्ट करून बघ. त्याशिवाय चालली तर काढ."

तिने प्रामाणिकपणे चाचण्या घेतल्या. दोन दिवस अखंड. काहीच अडले नाही. त्याचे कारण मला ठाऊक होते, पण मला बोलता येत नाही. कचेरीतल्या चाचणीच्या पेटीची रिंग मोठी. एका फेरीत ती पूर्ण रिकामी होतच नसे. काही घरे भरलेली राहत, ती मोकळी करायला उतरवणारा परत येई आणि चुकलेली कडी जाता जाता काढून टाके. सईने माझ्या शेवटच्या ओळी पुसल्या. बैठकीत तिचे कौतुक झाले. वेग खरोखरच किंचित वाढला होता.

मी राहिले, पण अर्धी. कडी लावत होते आणि डोळे मिटत होते.

कळवणच्या पुढे एका गावात छोटासा दवाखाना आहे. तिथली पेटी जुनी, रिंग लहान. छातीत दुखते म्हणून कोणी आले की तिथली तंत्रज्ञ निकिता हृदयाचा आलेख काढी आणि पेटीतून नाशिकच्या डॉक्टरांकडे पाठवी. उत्तर आले की उपचार ठरत. सईने केलेला बदल त्या पेटीत पोहोचला, आणि आठ-पंधरा दिवसांत एकदा तरी आलेख जाईनासा होऊ लागला. दिवे हिरवे, तार जागेवर, आणि आत सगळे ठप्प. पेटी बंद करून चालू केली की पुन्हा ठणठणीत. त्यामुळे तर पंचाईत झाली. तपासायला माणूस येई तेव्हा पेटी चालूच असे, आणि ठपका निकितावर येई. ती नोकरीत कंत्राटी होती. तार हीच हलवते, असे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवून टाकले. कंत्राट महिनाअखेर संपत होते, आणि ते पुढे चालू ठेवायचे की नाही हे त्यांच्याच हातात होते.

तेव्हा निकिताने एक शहाणपणा केला. पुढच्या वेळी पेटी अडली तेव्हा तिने ती बंद केलीच नाही. आलेखाचा फोटो मोबाईलवरून नाशिकला पाठवून रुग्णाचे भागवले आणि कंपनीत फोन लावला. "आत्ता अडलेली आहे. मी हात लावणार नाही, कोणाला लावू देणार नाही. तुम्ही येऊन बघा."

सई मिळेल ती एसटी पकडून दिंडोरी, वणी करत दुपारपर्यंत पोहोचली. पेटीपुढे स्टूल टाकून लंकाबाई बसल्या होत्या. त्या दवाखान्यात साफसफाई करत.

"तूच का पेटीवाली? ये. सकाळपासून राखत बसलीय मी. काय हो बाई, तुमच्या पेटीला उपास हाय का काय आज?"

"मावशी, त्यांना आधी पाणी तर विचारा," निकिता म्हणाली. मग सईकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी वायरला खरंच हात लावत नाही."

"ती पोरगी खोटं बोलत नाय," लंकाबाईंनी सांगितले. "दिवा हिरवाच ऱ्हातो, अन् कागद काय जात नाय. मी सोता पाह्यलंय."

सईने लॅपटॉप जोडला आणि पेटीच्या आत पाहिले. मला वाटले, हिला आता दिसेल. तिला दिसले. रिंगेतले एकूण एक घर रिकामे होते, आणि फाटकाला कडी होती.

"रिकामी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "रिकामी आहे, तर मग कडी का?"

ती बाहेर ओट्यावर आली आणि तिने श्यामलाताईंना फोन लावला. दोघींची जेमतेम ओळख होती.

"ताई, मी अंबडहून... म्हणजे आत्ता कळवणच्या पुढून बोलतेय. तुमची थांब-बघ आठवते का?"

"आठवते का म्हणजे? बरी आहे ना ती?"

"रिंग सगळी रिकामी आहे आणि फाटक बंद आहे."

"कडी लावल्यावर परत बघते ना गं ती?"

"नाही ताई. ते मी काढलं. मला वाटलं, उगाचच आहे."

"टिपण वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं. त्यात का ते लिहिलेलं नव्हतं."

ताई म्हणाल्या, "लिहिलं होतं गं. दोन पानं लिहिलं होतं. लोक हसतील म्हणून मीच खोडलं." आणि त्यांनी तिला भरणाऱ्याची आणि उतरवणाऱ्याची सगळी गोष्ट सांगितली, जशी मी तुम्हाला सांगितली.

सई आत आली ती थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. निकिता दारातच थांबली.

"डॉक्टर, चूक आमच्या पेटीत आहे. खरं तर माझी आहे. वायरला काहीही झालेलं नाही, कधीच झालेलं नव्हतं."

"पण बंद करून चालू केली की चालते कशी?"

"चालू केली की सगळे नव्याने जागे होतात. यांनी आज बंद केली असती तर मला काहीच दिसलं नसतं. यांच्यामुळे सापडलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "निकिता, ते कंत्राटाचं... उद्या आठवण कर मला."

"उद्या का सर? आत्ताच करते," निकिता म्हणाली.

लंकाबाई बाहेर मोठ्याने हसल्या. त्या संध्याकाळी सईने दवाखान्यातच बसून माझ्या पुसलेल्या ओळी परत लिहिल्या, आणि मला पुन्हा दिसू लागले.

त्यानंतरच्या रविवारी ती श्यामलाताईंकडे गेली. देवव्रतही आला, कोणी न बोलावता. एवढा मोठा माणूस, पण पोहे खाताना मान वर करत नव्हता. तिघांनी मिळून माझे टिपण नव्याने लिहिले. डावीकडे भरणारा काय करतो, उजवीकडे त्याच वेळी उतरवणारा काय करतो, असे साध्या अक्षरांनीच चित्र काढले. कडी आणि बघणे यांची अदलाबदल का चालत नाही, ते लिहिले. मोठ्या रिंगेवर चाचणी घेतली तर ही चूक दिसत नाही, हेही लिहिले. ते वाक्य सईचे. आणि अगदी वर देवव्रतने सांगून घातलेली ओळ आहे: 'दुसरे बघणे अनावश्यक वाटेल. काढण्यापूर्वी खालचे सर्व वाचावे.'

आता माझ्यापेक्षा माझे टिपण मोठे आहे. लहान देहावर मोठा फेटा बांधल्यासारखी दिसत असेन मी. दिसू दे.

मित्रांनो, तुम्हीही पुढे काही ना काही करून ठेवाल. ते कसे केले हे तर लिहाच, पण ते तसेच का केले आणि नसले तर काय बिघडेल, हेही लिहा. कोणी हसले तरी लिहा. आणि दुसऱ्याने करून ठेवलेले काही बिनकामाचे वाटले, तर पुसण्याआधी त्याला विचारा. विचारायला माणूस आहे तोवर विचारा.

माझे म्हणाल तर मी सुखी आहे. आज सकाळपासून कितीतरी वेळा कडी लावली आणि कितीतरी वेळा वळून पाहिले. प्रत्येक वेळी रिंग भरलेलीच होती. माझे एकही बघणे कामी आले नाही. असा दिवस गेला की मला फार बरे वाटते.