राजूरची यादी

शोभाताई मुळे यांनी एकतीस वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला. रिकामं बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. नाद लावला तो राजूरच्या बन्सी देशमुखांनी, आणि तोही एकदाही न भेटता.

बन्सी देशमुखांनी उमेदीची बावीस वर्षं मुंबईत एका नाण्यांच्या दुकानात पार्सलं बांधण्यात घालवली होती. मालक गेला, दुकान बंद झालं, तेव्हा ते गावी परत आले आणि घरबसल्या पोस्टानं नाणी विकू लागले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची यादी यायची. दोन पानं, हातानं लिहून झेरॉक्स काढलेली. आपण फोनवर यादीतले नंबर सांगायचे, पैसे मोबाईलवरून पाठवायचे, की आठ दिवसांत पाकीट शोभाताईंच्या घरी, सावेडीला हजर. प्रत्येक नाणं पतंगाच्या कागदाच्या पुडीत. यादीतलं वर्णन तर इतकं सरळ की हसू यावं. 'कडेला ठोका बसला आहे, घेताना विचार करावा.' 'मागची बाजू जवळजवळ गेलेली.' नऊ वर्षांत शोभाताईंना एकही नाणं परत करावं लागलं नव्हतं.

एप्रिलच्या पाकिटात चूक निघाली.

त्यांनी एक साधी दुदांडी शिवराई मागवली होती. अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली ही शिवराई पेशवाईतली, कुठेही मिळते. पुडीतून निघाली ती थेट शिवकाळातली, दुर्मिळ शिवराई, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ आणि तीन ओळींत 'श्री राजा शिव', एकही अक्षर न कापलेलं. शोभाताईंनी ती खिडकीशी नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. असं नाणं त्यांनी फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिलं होतं.

कळवायला म्हणून त्यांनी फोन उचलला. पलीकडून देशमुखांच्या बायकोचा, राहीबाईंचा आवाज आला.

"पाकीट मिळालं का ताई?"

"मिळालं."

"बरुबर हाय ना समदं?"

शोभाताईंनी शिवराई मुठीत धरली. "हो, बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर आपण असं का म्हणालो हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

शिवराई त्यांनी अल्बममध्ये लावली नाही. कपाटात साड्यांच्या मागे एका डबीत ठेवली. दिवसातून दोन-तीनदा कपाट उघडायचं, डबी काढायची, बघायची, परत ठेवायची. जुनं गिऱ्हाईक म्हणून देशमुखांनी मुद्दाम दिलं असेल, असं त्या स्वतःला सांगत. पण मुद्दाम दिलं असतं तर त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहिलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

पुढची यादी आली तशी त्यांनी एकदम पाच नंबर सांगितले. एरवी एक, फार तर दोन घेणाऱ्या बाई. त्या पाचांत एक निजामशाही पैसा होता, यादीत 'अगदी घासलेला' लिहिलेला. आला तो कोरा करकरीत म्हणावा असा, फारसी अक्षरं आणि टांकसाळीचं नाव स्पष्ट. आपल्याच शहराच्या टांकसाळीत पाडलेलं हे नाणं शोभाताई सात वर्षं शोधत होत्या. तेही डबीत गेलं. जूनमध्ये त्यांनी आठ नंबर सांगितले.

"तुझं काही दुखतंय का?" मार्तंडरावांनी एकदा विचारलं. शोभाताईंचे हे यजमान विमा कंपनीतून निवृत्त झालेले, फार न बोलणारे. "जेवताना दोनदा उठलीस."

"कपाट नीट लागलं नव्हतं."

"ते रोजच लागत नाही हल्ली," ते म्हणाले आणि ताकाचं भांडं पुढे ओढलं.

पावसाळा असाच गेला. पोस्टमनची वेळ झाली की शोभाताई गॅलरीत. पाकीट हातात पडलं की ते दारातच फोडायच्या. कधी नाणं बरोबर निघायचं, आणि मग त्यांना चक्क वाईट वाटायचं. या वाईट वाटण्याची त्यांना फार लाज वाटे.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी भाचीच्या मुलीला दाखवायला म्हणून एक भोकाचा पैसा मागवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, मधे मोठं भोक असलेला, अगदी किरकोळ. पुडीवर नंबर बरोबर होता. पुडीतली वस्तू गोल होती, पिवळसर होती, भोकही होतं. पण त्यावर एकही अक्षर नव्हतं. शोभाताईंनी ती मार्तंडरावांपुढे धरली.

"हा नळाचा वायसर आहे," ते म्हणाले. घरातले सगळे नळ तेच दुरुस्त करत. "पितळी आहे. अर्ध्या इंचाचा."

शोभाताई खुर्चीवर बसल्या. मग उठल्या आणि एप्रिलपासूनच्या याद्या काढून टेबलावर पसरल्या. आधीच्या याद्यांत देशमुखांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. एप्रिलपासून मोठं, गोल, शाळेतल्या मुलीसारखं. ते त्यांच्या नजरेला तेव्हाच आलं होतं. विचार मात्र त्यांनी केला नव्हता, किंवा करायचा टाळला होता.

"त्यांना दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. मग त्यांनी साड्यांमागची डबी आणून मार्तंडरावांपुढे उघडली, सगळं सांगितलं आणि राजूरला जाऊन ती परत द्यायची म्हणाल्या.

मार्तंडरावांनी डबी आपल्याकडे ओढून एकेक नाणं पाहिलं. शेवटी म्हणाले, "परत करायची तर पोस्टानं कर. राजूरला जायचं कशाला?"

"सोबतची चिठ्ठी वाचणार कोण? राहीबाई. त्यांनी वाचून दाखवली नाही तर?"

"आणि तू जाऊन काय सांगणार?"

नाणी ठेवून घेतली तर ती चोरी. परत केली तर त्या माणसाला तोंडावर सांगायचं, की तुम्हाला आता नाणं ओळखता येत नाही. चार दिवस त्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. पाचव्या दिवशी सकाळी तारकपूर स्टँडवरून त्यांनी संगमनेरची गाडी धरली. पुढे अकोले, तिथून राजूर. अकोल्याच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. शोभाताईंनी पर्स सबंध वाट मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

देशमुखांचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. राहीबाई ओट्यावर भात पाखडत होत्या. पातळशा, साठी उलटलेल्या. शोभाताईंनी नाव सांगितलं तशी त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"सावेडीच्या बाई," त्या हळूच म्हणाल्या. "येवढ्या लांब आलाय म्हंजे पाकिटात काय तरी चुकलंया."

"तुम्हाला माहीत आहे?"

"होळीपासून म्हाईत हाय. संगमनेरच्या डाक्टरनं सांगितलं, काचबिंदू हाय, गेलेली नजर माघारी येत न्हाई. ह्ये मला म्हनले, कुनाला सांगायचं न्हाई, यादी तू ल्ही, मला बोटांनी वळकतंय समदं." राहीबाईंनी आत एक नजर टाकली. "ताई, तुमी आनलंय ते माझ्याकडं द्या. त्यांना नगा सांगू. दिसभर त्या पेटीशी बसत्यात, म्हनून मानूस उभा हाय."

शोभाताईंनी पर्स उघडलीही. सुटले, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन आलंय गं?"

बन्सी देशमुख दाराच्या चौकटीला हात लावून बाहेर आले. उंच, काटकुळे, पांढऱ्या सदऱ्यातले. शोभाताईंचं नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"मुळेबाई? इतक्या वर्सांत गिऱ्हाईक घरी आलेलं न्हाई माझ्या. राहीबाई, च्या टाका."

त्यांनी शोभाताईंना आत नेलं आणि भिंतीशी उभं असलेलं नवं लोखंडी कपाट तळहातानं थोपटून दाखवलं. "औंदा दसऱ्याला घेतलं. धंदा असा कधी चालला नव्हता बाई. नाशिकचे वकील महिन्याला येक नग घ्यायचे, आता धा-धा घेत्यात. सोलापूरचे डाक्टर, कराडचे इनामदार, समदे तसेच. यादी पोचायच्या आधी फोन. मी हिला म्हनलं, लोकांना उशिरा का हुईना, मालाची पारख आली."

राहीबाईंनी दिलेला कप शोभाताईंनी खाली ठेवला. पाच नंबर, मग आठ नंबर. नाशिकचे दहा. म्हणजे त्या एकट्या नव्हत्या. दारात उभ्या असलेल्या राहीबाईंकडे त्यांनी पाहिलं. राहीबाईंनी मान किंचित हलवली. नको.

शोभाताईंनी चहा संपवला, भाताचं विचारलं, एसटीच्या वेळा विचारल्या. न सांगताच उठायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण देशमुखांनी पेटी ओढून घेतली.

"रिकाम्या हातानं न्हाई जायचं. ही माझ्याकडनं भेट. काय भारी न्हाई, साधी दुदांडी हाय." बोटांनी चाचपून त्यांनी एक नाणं निवडलं आणि शोभाताईंच्या तळहातावर ठेवलं.

ठिपक्यांचं वर्तुळ. तीन ओळी.

आपण तोंड उघडायच्या आधीच बोललो, असं शोभाताईंना नंतर वाटत राहिलं. "बन्सीभाऊ, ही दुदांडी नाही."

"न्हाई कशी?" त्यांनी नाणं परत घेतलं आणि अंगठा फिरवला. "ह्या दोन दांड्या. लागत्यात की हाताला."

"त्या ओळी आहेत. अक्षरांच्या."

अंगठा पुन्हा फिरला. मग तर्जनी. मग त्यांनी नाणं डोळ्यांपुढे अगदी नाकाजवळ नेलं आणि तसंच धरून ठेवलं. शोभाताईंनी डबी उघडून शिवराई, निजामशाही पैसा आणि पावसाळ्यात चुकून आलेली आणखी नाणी त्यांच्या मांडीवर ठेवली. वायसरही ठेवला. प्रत्येक वस्तू काय आहे आणि कधी आली, ते वर्गात सांगावं तसं एकेक करून सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात त्यांना बोलताच आलं नसतं.

"ही एप्रिलात आली?" देशमुखांनी विचारलं.

"हो."

"हिनं इचारलं हुतं फोनवर, बरुबर हाय का."

"विचारलं होतं. मी हो म्हणाले. मला लोभ सुटला, बन्सीभाऊ."

त्यांनी मान हलवली, राग नसल्यासारखी. मग एकदम थांबले. "आन बाकीचे? वकील? डाक्टर?"

शोभाताईंनी रिकामी डबी मिटली. देशमुख कपाटाच्या दिशेनं बघत होते, त्यांना दिसत असल्यासारखे. "म्हनून व्हय," ते म्हणाले. "म्हनून येवढ्या ऑर्डरी." आणि मग, "समद्यांना दिसत हुतं. मी सोडून."

राहीबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

थोड्या वेळानं देशमुखांनी कागद-पेन आणायला सांगितलं. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आसंल. ल्ह्या." त्यांनी सांगितलं आणि शोभाताईंनी लिहिलं, 'माझी नजर गेली आहे. फाल्गुनापासून पाठवलेल्या नगांत चुका झाल्या आहेत. या महिन्यापासून यादी बंद.'

"चुकीचे नग परत पाठवावेत, असं लिहू?"

"नगा. ज्याला पाठवायचा आसंल त्यो न मागता पाठवील."

तेवढा एकच कागद. झेरॉक्स काढून सव्वीस पाकिटांवर पत्ते शोभाताईंनीच घातले. पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायची म्हणून त्या जवळजवळ पळत गेल्या. निरोप घ्यायला परत आल्या तेव्हा देशमुख उठले नाहीत. राहीबाई ओट्यापर्यंत आल्या, पण डोळ्याला डोळा न देता म्हणाल्या, "मी सांगितलं हुतं ताई तुमाला." शोभाताईंना गाडीत सबंध वाट तेच ऐकू येत होतं.

पुढच्या महिन्यात यादी आली नाही. यायची नव्हतीच. तरी पोस्टमनच्या वेळेला शोभाताई गॅलरीत जाऊन उभ्या राहत. आपण बरोबर केलं का, हे त्यांनी मार्तंडरावांना इतक्या वेळा विचारलं, की शेवटी ते म्हणाले, "बरोबर केलंस, पण सहा महिने उशिरा." हे शोभाताईंना आवडलं नाही.

जानेवारीत फोन आला. राहीबाई असतील असं वाटलं, पण देशमुख स्वतः होते. आवाज कोरडा होता.

"दोन पाकिटं माघारी आली बाई. येक सोलापूरहून. येकावर नावच न्हाई."

"आणि वकील?"

"न्हाई. पेटीत आजून चारशे नग हायेत. कोनता काय हाय, मला सांगता यायचं न्हाई, आन हिला कळत न्हाई. मुंबईचा येक यापारी समदं उचलायला तयार हाय. पन त्याला देन्याआधी येकेक नग बघून ल्ह्यायला पायजे. दोन-तीन दिस लागतील. ऱ्हायाची सोय हुईल."

"मी येते."

"ते मी इचारलंच न्हाई आजून," देशमुख म्हणाले. "च्या मिळंल, जेवान मिळंल. ही तुमच्याशी बोलंल का न्हाई, ते मला सांगता यायचं न्हाई."

"चालेल."

"आन समदं मोठ्यानं वाचायचं. चांगलं आसंल ते बी आन वाईट आसंल ते बी."

"मोठ्यानं वाचीन."

फोन ठेवून शोभाताईंनी पिशवी काढली, तिच्यात दोन साड्या टाकल्या, एक पुन्हा बाहेर काढली. मार्तंडरावांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"राजूरची गाडी परवा धरलीस तर?"

"उद्याची पाहते," त्या म्हणाल्या.