वरवटच्या बाजारातलं गुलाबी मलम

मी काचेची एक लहानशी डबी बोलतेय. माझ्या पोटात जे भरलं होतं त्याचा मला आजही राग येतो, आणि ज्याने भरलं त्याचा तर त्याहून जास्त.

वरवट बकालच्या भगवानरावांनी मला पेटीतून काढलं, तेव्हा मी कोरी होते. दुकानामागच्या पडवीत ते खलात रसकापूर घोटत. रसकापूर म्हणजे पाऱ्याचं विष. त्यात मेण आणि गुलाबाचं अत्तर घालून त्यांनी मला काठोकाठ भरलं, झाकणावर हसऱ्या बाईचं चित्र चिकटवलं. घोटताना ते स्वतः नाकाला फडकं बांधत. गिऱ्हाइकांना मात्र सांगत, "पंधरा दिवसात रंग उजळते."

मला अमीरबीने नेलं. ती गावोगाव बांगड्या भरणारी. तिची मुलगी खुर्शीदा सावळी होती आणि निकाह महिन्यावर आला होता. पोर रोज आरशासमोर बसून मला उघडायची. किती हळुवार बोट लावायची! पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळला. मग गालांवर काळे चट्टे उठले, हिरड्या सुजल्या, दात हलून पडू लागले. हात एवढे थरथरायचे की पेल्यातलं पाणी सांडायचं. निकाह मोडला.

अमीरबी मला घेऊन नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी चिंचेने घासलेल्या तांब्याच्या गडूवर माझ्यातलं मलम चोळलं, थोड्या वेळाने पुसलं. तांबं चांदीसारखं पांढरं झालं होतं.

"यात पारा आहे, बाई. विष आहे हे."

"मंग त्याले धरा ना, डॉक्टरसाहेब."

"इंग्रजांच्या राज्यात औषधालाच धड कायदा नाही. तोंडाला लावायचा माल कोण तपासणार?"

अमीरबीने मला पदरात गच्च बांधलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती भगवानरावांच्या दुकानासमोर उभी राहिली. ज्यांना ती बांगड्या भरायची, त्यातल्या हेच मलम लावलेल्या कितीतरी बायका मागे होत्या. त्यांच्यातल्या झुंबरबाईचे तर पुढचे दोन दात गेले होते.

"हे तुमच्या तोंडाले लावा," अमीरबी मला पुढे करत म्हणाली.

"मी काऊन लावू? माह्या घरची रोज लावते. इचारा तिले!" भगवानराव गुर्मीत म्हणाले आणि ती पदराआडूनच हो म्हणेल या भरवशावर त्यांनी बायकोला हाक मारली.

पुष्पाबाई आल्या. चेहऱ्यावर ओढलेला पदर त्यांनी मागे सारला. खुर्शीदासारखेच चट्टे, तशाच सुजलेल्या हिरड्या.

"नवं मलम केलं की आधी मलेच लावाले लावतेत," त्या म्हणाल्या. "जळते म्हणून कितीक खेपा सांगतलं."

मग त्यांनी दोन बोटं माझ्यात बुडवली आणि नवऱ्याच्या दोन्ही गालांना मलम फासलं.

"आता पुसाचं नाही. बाजार उठेपर्यंत इथंच बसा."

बायकांनी दुकानाला वेढा घातला होता. भगवानराव बसले. घामाबरोबर मलम ओघळून ओठांवर येत होतं आणि ते ओठ घट्ट मिटून घेत होते. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. खोटं कशाला बोलू?

दुकान बंद झालं. पण त्यांना शिक्षा कोणी केली नाही, आणि खुर्शीदाचे दातही परत आले नाहीत. ती आता आईबरोबर बांगड्या भरायला जाते. मी तिच्या टोपलीत असते. परवा एक बाई म्हणाली, "डबी झाक हाये, धुऊन हळद ठेव." खुर्शीदाने मला तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

मला धुऊ नका. चेहऱ्याला लावायच्या मालाची झडती घेणारा कायदा एक दिवस येईल. त्या दिवशी मला पुरावा म्हणून भगवानरावांसमोर उभी करा. तेवढ्यासाठी तळाशी थोडं मलम मी राखून ठेवलंय.