कड्याबाबांचा बुटका खांब

क्रीडासंकुलाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर भलामोठा आलेख होता: डावीकडे उंच लाल खांब, उजवीकडे त्याच्या कमरेलाही न पोहोचणारा हिरवा. लाल म्हणजे शंभर मीटर धावायला मुलींना आधी लागणारा वेळ, हिरवा म्हणजे तांब्याचं सिद्ध कडं तीन आठवडे घातल्यानंतरचा. कडं विश्वातल्या लहरी पकडून थेट पोटऱ्यांत सोडतं, असं कड्याबाबा सांगत होते. पोटऱ्यांतच का, मानेत का नाही, हे विचारायला कुणाला उसंत नव्हती. जो तो कड्याच्या रांगेत घुसत होता.

आलेख संकुलाच्या कारकुनाने काढला होता. एवढी माणसं आपलं काम बघताहेत म्हणून त्याची छाती फुगली होती. खुपत होती ती एकच गोष्ट. त्याची धाकटी बहीण उत्तम धावायची, पण तिचा गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती सोडून तिने कालपासून नुसतं कडं चढवलं होतं. त्याने हटकलं तर म्हणाली, "दादा, आलेख तूच काढलास ना?"

गर्दीत त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या. आलेख न्याहाळून त्यांनी त्याला बाजूला बोलावलं. आता कानउघाडणी होणार म्हणून तो नकळत ताठ उभा राहिला. बाईंनी मात्र आधी कौतुकच केलं: रंग उठावदार, अक्षर सुवाच्य, लांबूनही वाचता येतं. मग हळूच विचारलं, "खांब कुठून सुरू केलेस?"

"चौदा सेकंदांपासून. बाबा म्हणाले, फरक डोळ्यांत भरला पाहिजे."

"आणि मुली किती घेतल्यास?"

कडी अकराजणींनी घातली होती, आलेखात चारच होत्या. बाकीच्या सातजणींची श्रद्धा कमी पडली म्हणून बाबांनी त्या गाळायला लावल्या होत्या. हे सांगताना त्याचे कान तापले.

"खांब शून्यापासून काढ," बाई म्हणाल्या. "अकराहीजणी घे. शेजारी कडं न घातलेल्या मुलीही दाखव. तुझा हात चांगला आहे रे, तो दुसऱ्याला वापरायला देऊ नकोस."

त्याने सगळ्यांसमोर फळा पुढे ओढला आणि खडू हातात घेतला. संकुलाच्या नोंदवहीतून अकराहीजणींची सरासरी काढली: आधीचे साडेचौदा सेकंद, नंतरचे चौदा पूर्णांक चार. शून्यापासून काढलेले दोन्ही खांब जुळ्या बहिणींसारखे दिसू लागले. कडं न घातलेल्या मुलींचे खांबही हुबेहूब तसेच निघाले. तीन आठवड्यांचा सराव दोन्ही गटांनी सारखाच केला होता!

बाबा म्हणाले, लहरी शून्यापासून मोजत नसतात. रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग रांगच उरली नाही. गर्दीत उभ्या असलेल्या बहिणीने कडं काढलं. मनगटावरचा हिरवट डाग तेवढा खरा निघाला. थोडं फुरंगटून ती डॉक्टरांकडे निघाली. कारकून तिचा हात धरून सोबत गेला.

जाणाऱ्यांना बाई एवढंच म्हणाल्या, "चमत्कार कागदावर दिसला तरी दोन गोष्टी विचारा: मोजायला सुरुवात कुठून केली, आणि कुणाला गाळलं? विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. न विचारल्याने मात्र गुडघा जातो."