काहीही लिहा

छपाईचं मशीन चालू असतानाच प्रेसवाल्याने बटण दाबलं. रोलर घरघरत थांबले आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरचा चेहरा प्रचाराच्या पत्रकावर अर्धाच उमटून राहिला. कपाळ, डोळे, आणि खाली सगळं कोरं.

"काय झालं हो?" टेबलाशी पत्रकांच्या घड्या घालत बसलेल्या बायकोने विचारलं.

त्याने खिशातून एक चुरगळलेला कागद काढून तिच्यापुढे टाकला. विरोधकांचं पत्रक. सकाळी सकाळी घरोघरी पोचलं होतं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'तुमचं गेलेलं बाळ कुणाच्या धर्मात?' खाली मजकूर असा, की प्रसूतिगृहात दगावलेल्या बाळांची नावं सिस्टर गुपचूप आपल्या पंथाच्या वहीत चढवते, आणि हे गेली सव्वीस वर्षं चाललंय.

"कागद मात्र भारीतला वापरलाय मेल्यांनी," तो म्हणाला. स्वतःलाच हसू आलं नाही त्याला.

बायकोने पत्रक शेवटपर्यंत वाचलं, बाजूला सरकवलं आणि पुढची घडी घातली.

मतदानाला तीन दिवस उरले होते. सिस्टर नगराध्यक्षपदाला उभी होती ती एकाच कारणासाठी. आत्ताचा नगराध्यक्ष मूळचा बिल्डर, आणि त्याला प्रसूतिगृह पाडून तिथे दुकानं काढायची होती. दुसरं प्रसूतिगृह चाळीस किलोमीटरवर. अडलेली बाई तिथवर पोचेल की वाटेतच संपेल, याची त्याला काय पडलीय! सिस्टर निवडून येणार हे गेल्या आठवड्यापर्यंत कुणीही सांगितलं असतं. अर्ध्या गावाला आयुष्यातली पहिली चापट तिनेच मारलेली. ती 'वहीवाल्यां'पैकी आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीसेक घरं त्यांची. मूर्ती नाही, पुजारी नाही. रविवारी बाकांवर गप्प बसायचं, आणि वर्षातल्या एका रविवारी जाडजूड वहीतून गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचायची. नावाशिवाय कुणी जाऊ नये, एवढाच त्यांचा हट्ट. आजवर लोक म्हणायचे, असतं एकेकाचं वेड. आज सकाळपासून तीच माणसं दारं लावून घेत होती. तीस कार्यकर्त्यांपैकी अकरा जणांनी बिल्ले आणून दिले होते. एक बाई तर प्रेसच्या दारात येऊन नुसती उभी राहिली, रडली आणि निघून गेली.

नऊच्या सुमारास सिस्टर आली. पायात तेच पांढरे कापडी बूट.

"खोटं आहे ना हे?" प्रेसवाल्याने विचारलं.

"नाही भाऊ. खरं आहे."

त्याने डोक्याला हात लावला. "अहो सिस्टर! निदान जरा थांबून तरी सांगायचं."

"थांबले असते तर बदललं असतं का?" ती स्टुलावर टेकली. तिचा आवाज बसला होता. "नाव न ठेवताच जायची ती. कपड्यात गुंडाळून, चिठ्ठीवर नुसता खाटेचा नंबर. मला नाही बघवलं. आमच्यात असं कुणाला जाऊ देत नाहीत, म्हणून मी नावं ठेवली. यात कुणाचा धर्म बदलतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

"लोकांच्या डोक्यात आलं ना! मी आत्ता छापतो, हे सगळं धादांत खोटं आहे म्हणून. दुपारपर्यंत वाटून होईल. तुम्ही फक्त गप्प बसा."

"संध्याकाळी सभा आहे. मला विचारतील. मी खोटं नाही बोलणार."

"मग बसा घरी! पाडू दे त्याला ते प्रसूतिगृह!"

सिस्टर उठली. सरळ दाराबाहेर पडली. ती गेल्यावर प्रेसवाल्याने मशीनच्या पत्र्यावर मूठ आपटली. दोन महिने राब राब राबलो, आणि ही बाई स्वतःच्या हाताने घात करून घेतेय. मग त्याला सुचलं. वहीच नसेल तर पुरावा कसला? ती एकटी काय वाटेल ते बोलेना का. भावनेच्या भरात बोलली म्हणता येईल.

"आलोच," तो बायकोला म्हणाला.

"वही आणायला चाललात?"

"तुला कसं कळलं?"

तिने पुढचं पत्रक ओढलं. त्यालाही थांबायला वेळ नव्हता.

वहीवाल्यांची प्रार्थनेची खोली सायकलच्या दुकानामागे होती. आत बारा बाक, एक कपाट, आणि खिडकीशी चष्मा पुसत बसलेले म्हातारे मास्तर. वही त्यांच्या ताब्यात असायची.

"सिस्टरनी मागितलीय," प्रेसवाला धडधडीत खोटं बोलला.

मास्तरांनी कपाट उघडलं. आमच्यात खोटं बोलत नाहीत म्हटल्यावर समोरचाही बोलत नसेल, असं धरून चालणारा माणूस. वही दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवली आणि ते पाणी आणायला आत गेले.

सगळी वही न्यायची गरज नव्हती. बाळांची पानं तेवढी फाडली की काम भागलं असतं. त्याने पानं उलटली. सिस्टरचं उजवीकडे कललेलं अक्षर त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. तारीख, नाव, पुढे दोन-तीन शब्द. बाप गवंडी. बाप ड्रायव्हर. आई एकटीच. प्रत्येक नावापुढे बारीक टिंबांची रांग, दर वर्षीच्या वाचनाला एक टिंब. तो भराभर उलटत गेला, आणि एकोणीस वर्षांपूर्वीचं पान आल्यावर त्याचा हात आपोआप थांबला.

त्या दिवशी प्रेसमध्ये निवडणुकीचंच काम होतं. निरोप आला तेव्हा तो म्हणाला होता, एवढा गठ्ठा संपवून येतो. पोचला तेव्हा सगळं आटपलं होतं. बायको गुंगीत होती. त्याने कुठल्याशा कागदावर सही केली आणि बाहेर पडला. मुलगा की मुलगी, हेसुद्धा विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं धरून दोघं एकोणीस वर्षं एका घरात राहिली.

वहीत लिहिलं होतं, 'मुलगी. चाळीस मिनिटं होती. बाप छापखानेवाला.' आणि तारखेशेजारी तिचं नाव. पुढे एकोणीस टिंबं.

चाळीस मिनिटं. एक गठ्ठा.

मास्तर पाण्याचा पेला घेऊन आले तेव्हा तो बाकावर बसलेला होता.

"तुमच्या घरच्या इथेच बसतात," मास्तर म्हणाले. "वाचनाला एक वर्ष चुकल्या नाहीत."

दर वर्षी त्या रविवारी बायको बहिणीकडे जायची आणि तो सकाळचं गार जेवायचा. बहीण तीन वर्षांपूर्वी मुलाकडे परदेशी राहायला गेली. तरी ही बहिणीकडे जातेच आहे, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तो वही घेऊन परतला तेव्हा सिस्टर प्रेसमध्ये आलेली होती. बायकोशेजारी बसून तीही घड्या घालत होती. त्याने वही टेबलावर आपटली.

"माझ्या मुलीला नाव ठेवणाऱ्या तुम्ही कोण?" त्याचा आवाज फाटला. "कोण लागता तुम्ही तिच्या? मला विचारलंत? ती बाई दारात रडून गेली ना, ती काही चुकीची नाही! मीच तुम्हाला मत देणार नाही!"

"अहो," बायको म्हणाली.

"तू बोलू नकोस! एकोणीस वर्षं मला पत्ता लागू दिला नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

सिस्टरने हातातली घडी खाली ठेवली.

"सगळ्यांना नाही विचारलं मी," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. चुकलंच माझं, आणि संध्याकाळी मी ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. मग पडले तर पडले. पण भाऊ, तुम्हाला विचारलं होतं."

"कधी?"

"तुम्ही सही करत होतात. नावाचा रकाना रिकामा होता. मी म्हटलं, नाव काय लिहू? तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, काहीही लिहा, सिस्टर."

प्रेसवाला कटिंग मशीनला टेकून उभा राहिला. बायकोने वही जवळ ओढली, न शोधता ते पान उघडलं आणि त्यावर हात ठेवून बसली. बाहेर विरोधकांची रिक्षा कर्ण्यावरून पत्रकातलाच मजकूर ओरडत गेली.

"सभा किती वाजता आहे?" त्याने विचारलं.

"पाच वाजता."

"लोक चिडलेले असणार. दगडसुद्धा येतील."

"येऊ देत."

त्याने हाताची शाई चिंधीला पुसली. बोट बोट पुसलं, तरी थोडी राहिलीच.

"बाकीच्यांचं तुमचं तुम्ही सांगा," तो म्हणाला. "हिचं नाव घेऊ नका."

सिस्टरने मान खाली घातली. "बरं. नाही घेणार."

"तसं नव्हे." त्याने बायकोच्या हाताखालच्या पानाकडे पाहिलं, आणि बायकोने हात बाजूला घेतला. "ते मी घेतो."