भुंड्यांची पदमीण

माघातली सकाळ. बालाघाटाच्या उतारावर करडई फुललेली, केशरी, पिवळी, काटेरी. उजेड आधी माथ्यावर, मग उतारावर, मग पदमीणच्या गोठ्याच्या कुडावर, आणि कुडाच्या फटीतून काजळीच्या पाठीवर. काळीभोर, तुकतुकीत, मृदुनयना काजळी! त्या पाठीवर हात ठेवून पदमीण उभी होती, आणि उद्या शनिवारचा बाजार होता.

पदमीणला एकच डोळा. डावा गेला सातव्या वर्षी, माहेरच्या मस्तवाल बोकडाच्या शिंगावर. तेव्हापासून शिंग दिसलं की तिच्या अंगावर सर्रकन काटा येई. सासरी आली तेव्हाच तिनं सांगून टाकलं, शेळ्या राखीन तर भुंड्या. बिनशिंगी शेळ्या, बिनशिंगी बोकड, बिनशिंगी करडं; शिंगाचं एखादं निपजलंच तर ते लगेच विकायचं. वीस वर्षं! सारा कळप गोल मऊ माथ्यांचा, कुणी कुणाला न भोसकणारा. गाव तिला 'भुंड्यांची पदमीण' म्हणे, आणि तीही हसून ओ देई.

काजळी त्याच कळपातली. तिला जन्म देऊन आई गेली. पदमीणनं बाटलीनं, बोटानं, पदराच्या उबेनं तिला जगवलं. पण तीन वर्षं झाली, काजळी कधी माजावर आली नाही, गाभण राहिली नाही. मान जाडावली, आवाज घोगरला, अंगाला बोकडासारखा उग्र वास येऊ लागला. पदमीणचा नवरा रखमाजी, माणूस काही वाईट नव्हे हो; पण व्यवहार तो व्यवहार. "वांझ जनावर किती दिस पोसायचं? शनिवारी खाटकाला दिऊन टाकू," तो म्हणाला. 

त्या सकाळी लस टोचायला सरकारी दवाखान्यातली शाहीन डॉक्टर आली. तरुण पोर, बोलणं मऊ. तिनं काजळीची शेपटी उचलून नीट पाहिलं, मग साऱ्या कळपावरून नजर फिरवली. "मावशी, हिचा बापही भुंडाच का?"

"व्हय की! आन् आयबी. माझ्यात शिंगाचं कुनीच न्हाई," पदमीण तोऱ्यात म्हणाली.

डॉक्टर दगडावर टेकली. "मावशी, पोटातला गर्भ आधी ना नर असतो, ना मादी. नुसता वाट बघत असतो. त्याच्या आत प्रथिनं असतात, इवलेसे कारभारीच म्हणा. कुणी बीजातला एक दिवा लावतं, कुणी दुसरा मालवतं. मादी होणाऱ्या गर्भात एक प्रथिन सांगतं, इथं बीजकोश होऊ द्या. ते गप्प बसलं, की दुसरं बोलू लागतं, आणि गर्भ बोकडाच्या वाटेला लागतो. शेळीत ज्या कारणानं शिंग अडतं, त्याच कारणानं ते प्रथिन गप्प होतं. भुंडेपण एकाच बाजूनं आलं, तर काही बिघडत नाही. पण भुंड्या आईबापांच्या चार करडांत एखाद्यात ते आईकडूनही येतं, बापाकडूनही येतं, आणि ते करडू मादी असलं, की ती पाट अशी अर्ध्या वाटेवर राहते."

काजळीच्या गोल, मऊ, लाडक्या माथ्यावरून पदमीणचा हात फिरत राहिला.

"म्हंजी... म्याच केलं हे?"

"तुम्ही माया केलीत, मावशी. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता बोकड तेवढा शिंगाचा आणा."

शिंगाचा! पदमीणचा हात नकळत मिटल्या पापणीवर गेला. गर्भातला तो काळोख तिला दिसला, मृदू, उष्ण, जलमय काळोख. त्यात न लागलेला एक दिवा, आणि दिव्याखाली वाट बघणारी काजळी. अगं बाई गं, म्हणून ती मटकन खाली बसली आणि शेळीच्या गळ्यात पडून रडली.

शनिवारी रखमाजीनं काजळीचं दावं सोडलं. डॉक्टरचं बोलणं पदमीणनं त्याला रात्रीच सांगितलं होतं; आता ती दारात आडवी उभी राहिली. "चूक माझी, आन् सुरी हिच्या मानंवर? न्हाई जमायचं." रखमाजीनं तिच्या एका डोळ्याकडे पाहिलं. मग त्यानं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. "बोकड म्या आनतो. तू घरात बस," तो हळूच म्हणाला. "न्हाई. म्याच आननार." मग ती पुढे, तो मागे, असे दोघे शेजारच्या वाडीला गेले.

बोकड आला. वक्रशृंगी, रुंदस्कंध, उन्मत्त! ज्वारीची ओंजळ छातीशी धरून पदमीण जागीच उभी होती. तेवढ्यात तिच्या डाव्या बाजूला, न दिसणाऱ्या बाजूला, काहीतरी ऊबदार येऊन टेकलं. काजळी होती. पदमीणनं ओंजळ पुढे केली आणि बोकडानं निमूट ज्वारी खाल्ली.

माघ सरला, फाल्गुन सरला. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. काजळीच्या गळ्यात पदमीणनं किणकिणणारी पितळी घाट बांधली. कळप तिच्यामागून डोंगर चढू उतरू लागला. आषाढातल्या एका मऊ, ढगाळ दुपारी कळपातली थोरली शेळी व्याली. पाट झाली, काळी, ओली, थरथरती. काजळी घोगऱ्या आवाजात तिला बोलावत होती, चाटत होती.

चार दिवसांनी पदमीणनं त्या करडाला मांडीवर घेतलं. माथ्यावरच्या ओल्या केसांत अंगठा फिरवला, आणि अंगठा थबकला. ज्वारीच्या दाण्याएवढे दोन टणक कोंभ. शिंगांचे! अंगावर काटा आला, सवयीनं आला. पण हात मागे आला नाही. आत कुठेतरी दिवा लागला होता, आणि ही त्याची खूण होती. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं. आणि पदमीणचा अंगठा त्या दोन कोंभांवरून फिरत होता, हळूहळू फिरत होता, काजळीची घाट वाजत होती, फिरतच होता.