प्रभुभोजनाला गेलेली चाकाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. माझे पुढचे डावे चाक कुरकुरते, मनात येईल तेव्हा अडून बसते, आणि रेक्झिनवर तीन ठिगळे आहेत. तरी मला म्हातारी म्हणू नका. जुनी म्हणा, तेवढे चालेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वेल्डरने माझ्या नळ्या जोडल्या, कुणी निळे रेक्झिन ताणून बसवले. शेवटी तपासनीस माझ्यावर बसला आणि कुणी पाहत नाही असे बघून त्याने कारखानाभर एक फेरी मारली. "चांगली पळते की!" तो म्हणाला. ते माझे पहिले कौतुक.

पुढे बारा वर्षे मी एका दवाखान्यात राबले. पाय मोडलेले, टाके घातलेले, बाळंतिणी, सगळ्यांना वाहिले. पण चाक कुरकुरू लागले तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली, फुटक्या बादल्यांच्या शेजारी. तिथे धूळ खात पडल्यावर मी एकच गोष्ट शिकले. काम संपले की आपणही संपलो.

एके दिवशी जवळच्या चर्चच्या पाळकांनी मला मागून नेले, पुसले, तेल घातले आणि घड्याळकाकांच्या घरी पोचवले.

घड्याळकाका पेशाने घड्याळजी. चाळीस वर्षे त्यांनी लोकांची घड्याळे दुरुस्त केली होती. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तोंड वाकडे झाले, आणि डावा हात इतका थरथरे की चमचा तोंडाशी पोचेपर्यंत रिकामा होई. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे भरवायचे काम सूनबाईकडे आले. तिथेच घोडे अडले.

"बाबा, आ करा ना. दोनच घास," ती म्हणे.

काका तोंड फिरवत. "मी काय तान्हं बाळ आहे? ज्याला साधा स्क्रू पकडता येत नाही तो कसला घड्याळजी? आणि घड्याळजी नाही, तर मग मी आहे तरी कोण?"

त्यांचे वजन दिवसेंदिवस कमी होत होते. ते मला सगळ्यांच्या आधी कळले. डॉक्टरांनीही सूनबाईला बजावले, असेच चालले तर काका दोन महिने काढणार नाहीत. ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची आणि हसतमुखाने बाहेर यायची. मला तिची फार दया यायची, पण काकांचे म्हणणे मला पटत होते, हे कबूल करते.

काका चर्चलाही जाईनात. आपल्याला असे कुणी पाहू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. शेवटी प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये सर्वांना भाकरी देतात त्या दिवशी, सूनबाईने हट्टच धरला. "आपण मागेच थांबू, कुणाला दिसणारसुद्धा नाही," तिने वचन दिले. पण मागच्या बाकांमधली जागा माझ्यासाठी अरुंद निघाली. कोपरा शोधत ती मला पुढे पुढे नेत राहिली आणि वेदीपुढच्या कठड्याच्या टोकाशी माझे चाक अडले. तिने ढकलले, ओढले, चाक हलेना. सगळी मंडळी बघत होती. काकांनी डोळे मिटून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात प्रभुभोजन सुरू झाले. त्या चर्चमध्ये भाकरीचा तुकडा हातावर देत नसत, थेट तोंडात भरवत. भरवताना कुणाचे नाव घेत नसत, हुद्दा तर नाहीच. सगळ्यांना एकच वाक्य. सर्वांत आधी खुद्द पाळकांनी गुडघे टेकले. त्यांचा मदतनीस म्हणाला, "देवाच्या लेकरा, घे. हे तुझ्यासाठी."

काकांनी डोळे उघडले. एरवी त्यांना बाकावरून लोकांच्या पाठी दिसत. आज टोकाशी अडकल्यामुळे कठड्यालगत ओळीने गुडघे टेकलेल्यांचे चेहरे दिसत होते. जिच्या आवाजाने अख्खी शाळा चिडीचूप होई, ती मुख्याध्यापिका डोळे मिटून आ करून होती. तिच्या शेजारी जाड मिशांचा फौजदार, तोही आ करून. पलीकडे काकांचे डॉक्टर, आपली पाळी येण्याआधीच तोंड उघडून बसलेले.

"देवाच्या लेकरा, घे." प्रत्येकाला तेच.

काकांचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडताहेत. पण ते हसत होते! झटका आल्यापासून पहिल्यांदाच.

मग पाळक आमच्यापुढे येऊन वाकले. वयाने ते काकांहून तीस वर्षांनी लहान. तरीही तितक्याच मायेने म्हणाले, "देवाच्या लेकरा, घे. हे तुझ्यासाठी." काकांनी आ केला. तोंडात घास होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

दुपारी सूनबाई भीतभीतच वाटी घेऊन आली.

"सूनबाई," काका म्हणाले, "माझी आई जाऊन पन्नास वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी लेकरा म्हटलं नव्हतं गं."

"बाबा..."

"तो स्वर्गातला बाप तुझ्या हातानं भरवत होता, आणि मी तोंड फिरवत बसलो. आण ती वाटी."

अर्धी वाटी संपली. हनुवटीवर सांडले ते तिने पदराने पुसले, आणि काकांनी पुसू दिले.

त्यानंतर काका चार वर्षे जगले. हात काही सुधारला नाही. एकही घड्याळ त्यांच्याकडून दुरुस्त झाले नाही. पण जेवणाची वेळ झाली की ते स्वतःच हाक मारत, "सूनबाई, लेकरू हजर आहे!" आणि दोघेही हसत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना विनवतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी तसे मागणार नाही. माझी चाके निखळली की मला खुशाल भंगारात द्या. मी वस्तू आहे, मी कामासाठीच घडले. पण तुमच्या घरात ज्यांच्या हातून आता काही होत नाही असे कुणी असेल, तर त्यांना माझे माप लावू नका. ती देवाची लेकरे आहेत. त्यांच्याजवळ बसा, आणि घास भरवताना घाई करू नका.